अकरा नंबरचा आलेख

सुदाम गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी बाजारात टोमॅटो निवडत होतो. "भावजी, ते गेले वो," एवढंच त्या म्हणाल्या. भाजीवाल्याने दोनदा विचारलं, "काका, घ्यायचेत ना?" सुदाम म्हणजे शहापूरच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा दोस्त. खर्डीला राहायचा आणि मुरबाडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचा. आता सात आठवडे झाले. लिहीन लिहीन म्हणत होतो, पण धीर होत नव्हता, कारण लिहायचं तर एक कबुली द्यावी लागणार होती.

शाळेत आम्ही दोघं सारखेच हुशार. पुढे मी मुंबईच्या एका संशोधन संस्थेत गेलो, बारीकसारीक कंपनं मोजण्यात जन्म घालवला आणि त्यासाठी गळ्यात हारही पडले. सुदाम गावाकडेच राहिला. रोज खर्डीहून आसनगाव, तिथून एसटी नाहीतर जीप, असं करत मुरबाड गाठायचा. "मुरबाडला रेल्वे येनार म्हनतात," हा त्याचा ठरलेला विनोद. "मी रिटायर झालो की दुसऱ्याच दिवशी येल बघ."

त्याची आई कंपवाताने गेली. हात थरथरायला लागून कित्येक वर्षं झाली तरी घरात कुणाला तो आजार वाटलाच नव्हता. म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी नाव सांगितलं तोवर तिला घास गिळता येईना. हे सुदामच्या जिव्हारी लागलं. त्याने लोकांचे मोडके मोबाइल जमवायला सुरुवात केली. फोन आडवा धरला की चित्र आडवं होतं ना, ते ज्या चिमुकल्या भागामुळे, तो काढून त्याने मनगटाच्या पट्ट्यावर बसवला. हात किती आणि कसा हलतो याचा आलेख त्यातून निघायचा. पट्टा जुन्या लुगड्याचा, धुवून पुन्हा वापरता येणारा. वीज सौरदिव्याच्या पाटीवरून घेतलेली. "एकदा वापरून फेकायचं असलं काय नको," म्हणायचा, "पाड्यावर कचरा उचलायला कोन येतो?" घरोघरी फिरून आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईच्या पिशवीत मावेल असं ते यंत्र होतं. आलेखात शंका आली तरच माणसाला मुंबईला न्यायचं, नाहीतर त्याचा हेलपाटा वाचवायचा.

एकदा त्याच्याबरोबर उंबरमाळीकडच्या एका पाड्यावर गेलो होतो. कोंडूबाबा नावाच्या म्हाताऱ्याने पट्ट्याकडे संशयाने बघत विचारलं, "ह्यानं हात थांबल काय?"

"नाय बाबा. ह्यानं निसतं कळल."

"मंग कळून काय करू?"

सुदाम त्याच्यासमोर उकिडवा बसला. "लवकर कळलं त गोळी लागू पडते. आजार जात नाय, पन पाच-सात वरसं आपल्या हातानं जेवाल." म्हाताऱ्याने मनगट पुढे केलं. मी दोघांचा फोटो काढला.

आलेख तपासायचं काम माझ्याकडे होतं, आणि नियमही मीच घालून दिला होता : नाव नको, वय नको, जागा नको, फक्त नंबर. तपासणाऱ्याला माणूस कळला की त्याची नजर फितूर होते, असं मी त्याला मोठ्या तोऱ्यात शिकवलं होतं. पहिल्या खेपेला बारा आलेख आले. त्यातला अकरावा विचित्र होता. एरवी रेघ शांत आणि मध्येच बारीक, एकसारखी थरथर. सुदाम आलेख घरीच काढत असणार असं धरून मी फोन लावला.

"अकरा नंबर टाकून दे. हा हात नाही, तुझ्या घरामागून मालगाडी गेलीय."

"मालगाडी?" त्याने विचारलं.

"मग काय! रुळांना खेटून घर बांधलंस, आता भोग. बाहेरचा हादरा आहे तो."

"नक्की ना रे अवी?"

"अरे, कंपनांत जन्म गेला माझा."

"बरं," तो म्हणाला. "मंग गाडीच असल."

पुन्हा घेऊन बघ, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण मी फोन ठेवला आणि जेवायला बसलो.

पुढे त्याचं अक्षर बारीक होत गेलं. टिपणं यायची तेव्हा मी चिडवायचो, "कागद वाचवतोस की मला चष्मा बदलायला लावतोस?" फळ्यावर लिहायचं सोडून तो सगळं तोंडी सांगू लागला. यंत्र जोडणंही थांबलं. नोकरी मुदतीआधी सोडली, तेव्हा मी त्याला आळशी म्हणालो. त्या फोननंतर पाच वर्षांनी तो अंगणात पडला आणि डॉक्टरांनी त्याच्या आईचाच आजार सांगितला; अक्षर बारीक होणं हेही त्याचंच लक्षण होतं. गोळ्यांनी काही वर्षं बरी गेली, पण आधीची पाच वर्षं वाया गेली ती गेलीच. शेवटच्या भेटीत उजवा हात मांडीखाली दाबून बसला होता. "आधी कधी जाणवलं नाही का रे?" मी विचारलं. तो हसला. "जाऊ दे. च्या पी."

तेराव्याला वहिनींनी त्याची वही माझ्या हातात दिली. "ह्यात तुमचं नाव हाय भावजी, तुमीच ठेवा." माझ्याकडे फक्त नंबर यायचे, वहीत नंबरापुढे नाव आणि जागा लिहिलेली होती. अकरापुढे लिहिलं होतं : 'मी. मुरबाड, कॉलेजची प्रयोगशाळा.'

मुरबाड! जिथे रेल्वेच नाही. म्हणजे मी फोनवर छातीठोकपणे गाडी सांगत होतो तेव्हाच ते चूक आहे हे त्याला ठाऊक होतं. त्याला शंका आली होती, आणि भिडेखातर कुणी खोटं बोलू नये म्हणून त्याने माझाच नियम पाळून मला विचारलं होतं. मी चुकलो याचं दुःख आहेच. पण त्याने 'नक्की ना' म्हणून विचारलं तेव्हाही मी थांबलो नाही, हे मला स्वतःला माफ करता येत नाही.

वही माझ्या टेबलावर असते. पुढची पानं चाळताना अक्षर पानागणिक लहान होत जातं, शेवटी शेवटी तर भिंग घ्यावं लागतं. अकराव्या नंबरचं पान मात्र ठसठशीत अक्षरातलं आहे. त्यात जागेच्या खाली आणखी एक ओळ आहे, ती भिंगाशिवायही वाचता येते : 'अवी म्हणतो मालगाडी. बरं वाटलं.'