हॉबर्टचा उजवा पाय

"सुई धरलेला हात थांबलाच पाहिजे, मग तो देवाचा का असेना," वर्डी स्लोन एकदा नव्या नर्सेसना म्हणाली होती.

केंटकीच्या डोंगरातल्या त्या छोट्या इस्पितळात तिची सव्वीस वर्षं गेली. ऑपरेशनआधी नुसता हात किंवा पाय बधिर करतात, त्या खोलीत. तिथली रीत ठरलेली होती. सुई टोचण्याआधी सगळ्यांनी हात थांबवायचे, सर्जनने शाईने केलेली खूण बघायची आणि रोग्याला मोठ्याने विचारायचं, कुठली बाजू? विचारायचं काम वर्डीचं. खाणीत फुप्फुसं घालवून आलेले म्हातारे वैतागायचे. "बये, मोडलेला पाय दिसत नाही होय तुला?" तरी ती विचारायची.

मार्चमध्ये हॉबर्ट नेपियर आला, तिच्या घरापासून चार घरं पलीकडचा. डावा घोटा मोडलेला. उताणा असताना तिने विचारलं, त्याने "डावा" म्हणून सांगितलं. मग गुडघ्यामागे सुई द्यायची म्हणून त्याला पालथा घातला. पालथ्या माणसाच्या बाजू बघणाऱ्याच्या डोक्यात उलटतात, म्हणून तिथे पुन्हा थांबायचं असतं. बधिर करणाऱ्या डॉक्टर विटेकरांनी पांघरुणाची एकच कड उचलली.

"थांबा डॉक्टर, खूण दिसत नाही."

"वर्डी, अजून तिघं बाहेर ताटकळलेत. डावं-उजवं मला आईने शिकवलंय."

औषध आत गेलं. वर्डीने उरलेलं पांघरूण ओढलं. खूण दुसऱ्या पायावर होती.

डॉक्टरांनी दुसरी सुई भरली. त्यांनी डावा पायही बधिर केला.

"दोन्ही का गं जड झालेत?" हॉबर्टने विचारलं.

"औषध थोडं पसरतं," डॉक्टर म्हणाले. "तासाभरात उजवा मोकळा होईल."

ते औषध दुसऱ्या सकाळपर्यंत उतरत नाही, हे वर्डीला पाठ होतं. तिने त्याची उशी सारखी केली.

दुपारी वरच्या वॉर्डात हॉबर्ट लघवीला उठला, चांगल्या पायावर भार टाकून. तो पाय त्याचा नव्हताच. खुबा मोडला.

आठवड्याने ऑफिसात मुख्य नर्स मिस डाल्टनने तिच्यापुढे कागद सरकवला. नर्सने थांबण्याची सूचना दिली नाही, असं त्यात होतं.

"सही कर गं. नुसती ताकीद आहे, नोकरी जात नाही."

"मी म्हटलं होतं थांबा. विचारा यांना."

डॉक्टर विटेकर खिडकीबाहेर गाड्या बघत राहिले.

"नाही केली तर?"

"मग ओळखपत्र ठेवून जा."

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढून कागदावर ठेवलं. मग जिना चढून हॉबर्टकडे गेली. तो मक्याची भाकरी ताकाच्या ग्लासात कुस्करून चमच्याने खात होता. तिने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सुई, खूण, ती तासाभराची थाप, तो कागद.

हॉबर्टने चमचा ग्लासात टाकला.

"म्हणजे तू थांबा म्हणालीस."

"हो. देवाशप्पथ."

"त्यांना म्हणालीस." तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि मी विचारलं तेव्हा? वर्डे, तुझ्या आईच्या मयताला खांदा दिलाय मी. माझ्या पायाचं मला सांगायला तुला आठ दिवस लागले. तेही नोकरी गेल्यावर?"

तिचा हात सवयीने उशीकडे गेला. हॉबर्टने मान बाजूला घेतली.

"राहू दे ती."

वर्डीने हात मागे घेतला, कोटाची बटणं लावली आणि बाहेर पडली.