मी पुसलेली वेणी

अमरावतीत माझा फोटो स्टुडिओ आहे, वीस वर्षं झाली. एवढ्या काळात फोटोतलं भूत दाखवायला किती लोक आले असतील... प्रत्येकाला मी एकच सांगितलं — भाऊ, आधी कॅमेऱ्याची काच पुसा. आजही कोणी आलं तर तेच सांगेन. तरी हे लिहून राहिलोय, कारण घरात ऐकायला आता कोणी नाही.

मागच्या नोव्हेंबरची गोष्ट. माझी बायको वर्षा, तिला कॅन्सर. चौथी केमो झाली होती. कमरेच्या खाली जाणारी वेणी होती तिची, तिला पाहायला गेलो तेव्हा माझ्या आईनं आधी तीच पाहिली. ती सगळी गेली. वर्षा दिवसभर डोक्याला स्कार्फ बांधून असायची आणि घरातल्या आरशावर तिनं टॉवेल टाकून ठेवला होता.

त्या दिवशी मात्र स्वतःहून म्हणाली, "अवो, तळ्यावर चाला न. माहा एक फोटो काढा. पण तोंड दिसलं नाई पायजे. नुसती काळी येऊ द्या."

चांदूर रेल्वेच्या रोडला एक लहानसा तलाव आहे. पाळीवर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं की सूर्य सरळ समोर पाण्यात उतरतो. मी ट्रायपॉड लावला, उजेडाचं माप आभाळावरून घेतलं. असं केलं की समोरचं माणूस काळं पडतं, नुसती आकृती उरते. तिला तेच पाहिजे होतं. सवयीनं एका दाबात तीन फोटो घेतले — एक अंधारा, एक मधला, एक उजेडाचा. ती पाण्याकडे तोंड करून जराशी तिरपी उभी होती. वारा अजिबात नव्हता.

गाडीवर बसताना ती हसत होती. किती महिन्यांनी, देवा!

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओत फोटो मोठे करून पाहिले. अंधाऱ्या आणि मधल्या फोटोत तिच्या पाठीवर वेणी होती. जाड, कमरेच्या खाली गेलेली. उजेडाच्या फोटोत नाही, तिथे नुसता स्कार्फ. त्याचं टोक म्हणावं, तर ते मानेजवळ खोचलेलं साफ दिसत होतं. तिन्ही फोटोंत मिळून एक सेकंदही गेला नव्हता.

भीती नाही वाटली. रागच आला. म्हटलं, हे तिला दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ. नवरीच्या गालावरचा फोड पुसतो तशी मी ती वेणी पुसली, पाच मिनिटांत. प्रिंट काढली. तिच्या नजरेस पडू नयेत म्हणून कॉम्प्युटरवरचे मूळ फोटो उडवले. तिवस्याला लग्नाची ऑर्डर होती, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड फॉरमॅट केलं आणि अख्खं लग्न त्याच्यावरच काढलं.

घरी आल्यावर प्रिंट तिच्या हातात दिली. बराच वेळ पाहत बसली. मग म्हणाली, "वेणी कुठं गेली?"

मी म्हटलं, "कोन्ती वेणी?"

"अवो, तळ्यावर पाठीले लागून राह्यली होती न. मी हात नाई लावला... म्हटलं, हात लावला तं वेणी जाईन. तुमच्या फोटोत येईन, मनूनच तं हासत होती मी."

तेव्हा खरं बोलायचं होतं हो! जीभ झडली असती का माझी? पण मी म्हणालो, "भास झाला असन वर्षा. औषधं लय कडक हायेत."

"असन," ती म्हणाली. प्रिंट उलटी करून ठेवली. पुन्हा तळ्याचं नाव काढलं नाही. जानेवारीत गेली.

नंतर तीन-तीन सॉफ्टवेअर लावून ते कार्ड खरवडलं. तिवस्याच्या वरातीशिवाय काही निघालं नाही. त्याच जागी, त्याच वेळी, त्याच मापानं कितीदा फोटो काढले... नुसतं तळं येतं. लेन्सचा दोष, उजेडाचा खेळ, सगळं स्वतःला सांगून झालं. पण मग तिच्या पाठीला ती लागत कशी होती? मला माहीत नाही. कोणाला कळलं तर सांगा, पण आता त्याचा तिला काय उपयोग?

ती वेणी होती हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातल्या एकीला मी भास झाला म्हणून गप्प केलं, आणि ती तेच खरं धरून गेली.