जानेवारीतला फणस

मी कॉफी धुतली. म्हणजे कॉफीच्या बिया. कुर्गहून मागवलेल्या अर्धा किलो कच्च्या, हिरवट बिया मी रोळीत घेतल्या आणि तांदूळ धुवावेत तशा तीन पाण्यांतून काढल्या. तिसरं पाणी नितळ आलं तेव्हा मला बरंही वाटलं. आमच्या घरात बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय गॅसवर चढत नाही, ही आईची शिस्त. मग पाकिटामागचं वाचलं. पहिलीच सूचना होती, बियांना ओल लागू देऊ नये.

"तुमचं सगळं उलटं," बायको म्हणाली. "आधी धुवायचं, मग वाचायचं."

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण त्या बिया दादासाठी होत्या आणि दादाकडे दिवस थोडे होते.

दादा माझा मोठा भाऊ. लग्न केलं नाही, लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आमच्याबरोबरच राहिला. घशाचा आजार निघाला. परळच्या डॉक्टरांनी शेवटी सांगितलं, "आता पथ्य नको. मागतील ते द्या." मी बावळट, मला वाटलं सुधारणा आहे. टॅक्सीत बायकोने खिडकीकडे तोंड फिरवलं तेव्हा कळलं.

आणि दादाने मागितलं काय, तर फणस. ऐन जानेवारीत. दर मे महिन्यात गावाहून येताना तो एसटीत फणस, कडक गऱ्यांचा कापा नाहीतर मऊ बरका, मांडीवर घेऊन बसायचा. खाली ठेवला तर मार लागतो म्हणे. परळला उतरायचा तो बधिर पाय ओढत. हातांना खोबरेल चोळून कापायचाही तोच, आणि पहिला गरा माझ्या हातावर. मी पन्नाशी ओलांडली तरी पहिला गरा माझाच.

दादर पालथं घातलं. मिळाले ते तळलेले गरे. दादाच्या घशातून दोन चमचे पाणी उतरताना मारामार.

"खाऊक नको रे," तो म्हणाला. "नुसतो वास इलो तरी चलात."

ऑफिसात एक सहकारी आहे, घरी कॉफी भाजणारा. त्याच्याकडे मी हे रडगाणं गायलं तर तो म्हणाला, "लायबेरिका म्हणून कॉफीची एक जात असते. दुर्मिळ. कुर्गकडे मळ्यांच्या कुंपणाला एखादं जुनं झाड सापडतं. नीट भाजली तर तिला पिकल्या फणसाचा वास येतो." पाकीट त्यानेच मागवून दिलं. ते मी धुतलं.

चार दिवस बिया धोतरावर पसरून पंख्याखाली सुकवल्या. चांगल्या मोठ्या बिया, एका बाजूला वाकड्या. पाचव्या दिवशी लोखंडी कढईत भाजायला घेतल्या. लाह्यांसारख्या तडतडल्या, फोलपटं उडाली, धुराने खोली भरली. आतून दादाचा आवाज, "काय जळता रे?"

"तुझो फणस."

"कापो की बरको?"

कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता. बायको हसता हसता फोलपटं झाडत होती. मी म्हटलं, जमलं.

पण धुराला फणसाचा वास नव्हता, करपलेल्या चपातीचा होता. पुन्हा पाकीट पाहिलं. भाजल्यावर दहा दिवस बरणी बंद ठेवावी, वास नंतर उमलतो. धुण्याची चूक केलेला माणूस मी, आता एकही सूचना मोडणार नव्हतो. बरणी कपाटात वर ठेवली आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलं.

तिसऱ्या दिवशी दादाने विचारलं, "आज करतंस?"

"मुरू दे रे. अजून सात दिवस."

"ती मुरता तोपर्यंत मी नासतलंय."

मी हसलो. चमचाभर आताच करून द्या, असं बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मी तिला पाकीट दाखवलं.

पाचव्या दिवशी त्याने विचारलं नाही. नुसतं कपाटाकडे पाहिलं. मी बोटांनी पाच दाखवले. त्याने मान हलवली, लहानपणी मी हट्ट केला की हलवायचा तशी.

सहाव्या दिवशी सकाळी मी त्याचा चेहरा पुसत होतो आणि तो गेला.

तेरावं झालं. पाहुणे गेले. दुपारी मी बरणी उतरवली, बिया मिक्सरला लावल्या आणि दोन कप कॉफी केली. उकळतं पाणी पडलं आणि खोलीत फणस आला. खोटा नाही, अर्धामुर्धाही नाही. मे महिन्यातला, कापून परातीत ठेवलेला. कॉफी अगदी उत्तम झाली होती. सूचना तंतोतंत पाळली होती ना मी. एक कप घेऊन मी दादाच्या रिकाम्या कॉटवर बसलो, आणि मला काही तो तोंडाला लावता येईना.

बायको शेजारी येऊन बसली. दुसऱ्या कपातला एक घोट घेतला. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी दिली असतीत तर हा वास नसता आला, अहो. पण दादांनी तुम्हाला 'आला' असंच सांगितलं असतं."