जास्तीच्या सर्व्हिसेस

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्याला सगळे झाडू म्हणत, आणि त्याला त्याचा राग येत नसे; उलट बरंच वाटे. कॉम्प्युटर दुरुस्तीचा माणूस होता तो. मशीनवर नवी सिस्टिम टाकली, की हा पठ्ठ्या खुर्ची ओढून बसणार आणि पडद्यामागे न विचारता कोणकोणते छोटे प्रोग्रॅम, म्हणजे सर्व्हिसेस, सुरू झाल्यात ते बघणार. बघितलं की तोंड सुटलंच म्हणून समजा. "ही बघा, हवामान सांगणारी सर्व्हिस! मग खिडकी काय शोभेला ठेवलीय? ही नकाशाची. टेबलावरून उठून मशीन फिरायला जाणार आहे का? ही खेळांची, ही फॅक्सची. कुणी बोलावलं होतं या फुकट्यांना?" आणि एकेकाला बंद करत सुटायचा. मशीन हलकं झालं की स्वतःच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखा हात झटकायचा.

पुढे पुढे हाताने बंद करायचा कंटाळा आला, तेव्हा त्याने त्यासाठी एक छोटा प्रोग्रॅमच लिहिला. पेनड्राइव्ह लावायचा, दोनदा क्लिक करायचं, मशीन बंद करून पुन्हा चालू करायचं. सगळे फुकटे पसार! या प्रोग्रॅमचा त्याला भारी अभिमान. चहाच्या टपरीवरसुद्धा विषय काढायचा, आणि लोक कप खाली ठेवून निघून जायचे.

त्याच्या बायकोची लहान बहीण पूर्ण अंध होती. घरात तिला सगळे धाकटी म्हणत. पोरगी अशी तल्लख की विचारू नका. कॉम्प्युटर ती कानांनी चालवायची. पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तिच्या कानात इतका भराभर बोलायचा, की झाडूला त्यातलं ओ की ठो कळत नसे. ही मात्र खुशाल टाइप करत असायची, आणि वर चिडवायची, "भाऊजी, तुमच्यासाठी हळू लावू का?"

ती राहायची थोरल्या भावाकडे. भाऊ तोंडाचा गोड आणि आतून पक्का मतलबी. त्याची बायको नोकरीला जायची, मुलं लहान, आणि घर सांभाळायला हे एक हक्काचं माणूस आयतं मिळालेलं. "तिला कशाला दगदग? आम्ही आहोत की," असं तो चारचौघांत म्हणायचा, आणि ऐकणारे त्याचं कौतुक करायचे. धाकटीने जागोजागी अर्ज केले. जागोजागी लोकांनी हळहळून, चहा पाजून तिला परत पाठवलं. शेवटी भावाने निक्षून सांगितलं, "हे एकदा बघ. नाही जमलं तर ही वणवण बंद. मग घर सांभाळायचं, नोकरीचं नाव काढायचं नाही."

हे एकदा म्हणजे झाडूच्याच कचेरीतली जागा. तक्रारींचा फोन घ्यायचा, लिहून घ्यायचं, जुनी तक्रार शोधून वाचून सांगायची. आधी कॉम्प्युटरवर तशी परीक्षा द्यायची होती. झाडूनेच ही जागा तिला सुचवली होती. साहेबांनी त्याला आधीच बजावलं, "मेहुणी आहे ना तुझी? मग परीक्षेच्या दिवशी तू त्या खोलीच्या आसपाससुद्धा दिसायचं नाहीस."

आदल्या संध्याकाळी मशीन तयार करायचं काम मात्र त्याच्याचकडे होतं. त्याने जीव ओतला. जुनं सगळं पुसून नवी कोरी सिस्टिम टाकली. वाचून दाखवणारा प्रोग्रॅम बसवला, हेडफोन कानाला लावून ऐकला. खणखणीत बोलत होता. काम झालं होतं, उठायला हरकत नव्हती. पण मशीन किंचित रेंगाळतंय असं त्याला वाटलं. "आपल्या धाकटीला असलं मशीन? छे!" त्याने पेनड्राइव्ह लावला, दोनदा क्लिक केलं, मशीन बंद करून चालू केलं. अक्षरशः पळायला लागलं! हेडफोनची वायर नीट गुंडाळून त्याने बाजूला ठेवली आणि शीळ घालत घरी गेला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्याला गावाबाहेरच्या पंपघरात प्रिंटर बघायला पिटाळलं. दुपार टळल्यावर तो परत आला, तर शिपाई दारातच भेटला.

"मेहुणी बाकावर बसलीय तुझी. नाही झालं तिचं."

"नाही झालं म्हणजे?"

शिपाई आत पाणी द्यायला उभा होता. त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, आवाज येत नाही. साहेब पडद्याकडे बघून म्हणाले, मशीन तर उत्तम चाललंय. तिने हेडफोन काढून पुन्हा लावला, मशीन बंद करून चालू केलं. शेजारच्या बाई मायेने म्हणाल्या, "आम्हाला तर सगळं दिसतंय गं." ती म्हणाली, कॉम्प्युटरवाल्यांना बोलवा. त्यावर साहेब हसले. "उद्या लोकांचे फोन येतील, तेव्हाही असंच सांगणार का? थांबा, कॉम्प्युटरवाल्याला बोलावते?" मग सगळे घड्याळाकडे बघत बसले, आणि ती हात कळफलकावर ठेवून नुसती बसून राहिली.

 झाडू पळत त्या खोलीत गेला, मशीन उघडलं, यादी काढली. आवाजाची सर्व्हिस बंद! तीच बंद, तर वाचणारा प्रोग्रॅम कितीही घसा फोडो, बाहेर काय येणार? आणि मग त्याला आठवलं. कारकून कामाच्या वेळेत गाणी ऐकतात म्हणून साहेबांचा एकदा तिळपापड झाला होता, तेव्हा त्याने मोठ्या हौसेने आवाज बंद करणारी एक ओळ आपल्या प्रोग्रॅममध्ये घातली होती. कितीतरी मशीनं त्याने अशी मुकी केली, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. मूर्खा, मशीन पुन्हा चालू केल्यावर हेडफोन एकदा कानाला लावायला काय झालं होतं? पण तो कशाला लावेल? मशीन पळतंय हे त्याला दिसत होतं ना!

त्याने सर्व्हिस चालू केली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

"साहेब, चूक माझी. आवाज मी बंद केला होता. ती खरं सांगत होती. आता परीक्षा घ्या, एका झटक्यात करून दाखवेल."

साहेबांनी फायलीतून मानसुद्धा वर केली नाही. "तू तिचा भाऊजी. तू असंच म्हणणार."

"तसं लेखी देतो मी."

"देशील रे. मग मलाच विचारतील, मेहुणीच्या परीक्षेचं मशीन भाऊजीच्या हाती दिलंच कसं? माझ्या डोक्याला ताप आणि तुझ्या पोटावर पाय. दुसऱ्या मुलीला कळवून झालंय. आणि खरं सांगू? आम्हालाही वाईट वाटलं. पण तिला झेपलं नसतं."

"झेपलं नसतं? तुम्ही तिला ऐकू तरी दिलंत का?" झाडूचा आवाज बाहेर व्हरांड्यापर्यंत गेला. साहेबांनी घंटी वाजवून शिपायाला बोलावलं. बोलणं संपलं.

धाकटी बाकावर ताठ बसली होती, घडीची काठी मांडीवर. त्याने एका दमात सगळं सांगितलं. प्रोग्रॅम, ती ओळ, न लावलेला हेडफोन, काही लपवलं नाही. ती रडेल, ओरडेल, निदान दोन शिव्या घालेल असं त्याला वाटत होतं.

"आता बोलतंय का मशीन?" तिने विचारलं.

"हो."

"मग चला."

खोली रिकामी होती, खुर्च्या भिंतीला लावलेल्या. ती बसली, हेडफोन चढवला, एक कान मोकळा ठेवला. "तुम्ही ग्राहक व्हा, भाऊजी. करा फोन."

 "आमच्या... आमच्या नळाला पाणी नाही," तो कसाबसा म्हणाला.

"पत्ता सांगा. पूर्वी तक्रार केली होती का? थांबा, बघते."

आणि मग तिची बोटं अशी चालायला लागली की बघत राहावं. पत्ता लिहिला, जुनी तक्रार शोधली, वाचून दाखवली, नवी नोंदवली, वर त्याला धीरही दिला. "माणूस पाठवतो आम्ही. तोवर मोटर लावू नका, जळेल." कुठे अडखळणं नाही, कुठे खाडाखोड नाही. शिपाई किल्ल्या घेऊन दारात आला होता, तोही ऐकत तिथेच थांबला.

तिने हेडफोन उतरवला आणि वायर चाचपून नीट गुंडाळली.

झाडूने माउस धरला.  "सेव्ह करू?"

"कशाला?" ती उठली, काठी उलगडली. "चला, मुलं शाळेतून येतील. दादाने वेळेवर यायला सांगितलंय."