एकच जोडी

अंबडच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करते, तिथे माझं काम माल नाकारण्याचं आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात, मी ते तपासते आणि मापात बसत नसतील तर लाल डब्यात टाकते. ही सवय घरी आणू नये, असं सासूबाईंचं म्हणणं आहे. मी आणते. घरात लाल डबा नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

कंपनी आम्हाला आरोग्य विमा देते. आपण, नवरा, मुलं, आणि पगारातून थोडी कपात करून आणखी एक जोडी: आई-वडील किंवा सासू-सासरे. दोन्ही जोड्या नाहीत. आपली आई आणि नवऱ्याचे वडील अशी मोडतोडही चालत नाही, जोडी अख्खीच घ्यायची. वर्षातून एकदा, नूतनीकरणाच्या आठवड्यात, जोडी बदलता येते. तो आठवडा गेला की वर्षभर गप्प बसायचं.

मी नोकरीला लागले तेव्हा एचआरच्या साहेबांनी मला विचारलंही नाही. "मॅडम, सासू-सासऱ्यांची आधार कार्डं आणून द्या," एवढंच म्हणाले. माझ्याबरोबर लागलेल्या पुरुषांकडे त्यांनी आई-वडिलांची कार्डं मागितली. त्या पुरुषांपैकी एकाला तरी आपल्या सासू-सासऱ्यांची आठवण झाली असेल, असं मला वाटत नाही. मी नवीन होते. कार्डं नेऊन दिली.

फुकट ते पौष्टिक, ही म्हण आमच्या सासऱ्यांकडे पाहूनच कुणीतरी काढली असावी. पुतण्याच्या लग्नात त्यांनी जिलब्यांवर ताव मारला आणि रात्री छातीत जळजळ सुरू झाली. सोडा पिऊन भागलं असतं. पण दाखल झाल्याशिवाय विमा पैसे देत नाही, हे त्यांना तोपर्यंत पाठ झालं होतं, म्हणून ते दाखल झाले. एसीच्या खोलीत चांगले तीन दिवस राहिले. भाऊबंद भेटायला आले, शहाळी आली, मोसंब्या आल्या. प्रत्येकाला ते सांगत होते, "आमच्या चिरंजीवांनी सगळं कॅशलेस करून ठेवलंय. आपल्याला खिशात हात घालायची गरज नाही." चिरंजीव शेजारी उभे राहून मान हलवत होते. मी मोसंब्या सोलत होते.

हे चिरंजीव, म्हणजे माझा नवरा, प्लॉट विकतात. शहराच्या चहूबाजूंना जिथे काल द्राक्षाची बाग होती तिथे आज ह्यांनी चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. आई-वडिलांसाठी वेगळी पॉलिसी काढा, असं मी दर वर्षी म्हणायचे. "त्या वयाला हप्ता फार येतो गं. आणि तुझ्या कंपनीत फुकटच आहे की." माझ्या पगारातून जे कापलं जातं, त्याला आमच्या घरात फुकट म्हणतात.

मग एका दिवाळीत माझी आई देवळ्याहून आली. आली तेव्हापासून ती एका बाजूला कलून बसत होती. बाथरूममध्ये गेली की लवकर बाहेर येत नव्हती. मी विचारलं, तर गुडघे दुखतात म्हणाली. गुडघे दुखणारी बाई अशी बसत नाही. शेवटी चकल्या तळताना, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून मिक्सर चालू करून, तिने मला सांगितलं. अंग बाहेर येतं. माझा भाऊ झाला तेव्हापासून थोडं थोडं, आता रोज. हाताने आत सारायचं, जुन्या लुगड्याचं फडकं घट्ट बांधायचं आणि कामाला लागायचं. कांदाचाळीत कांदे निवडायला ती तसंच बसत होती, आणि तसंच उठून आमच्या वडिलांचं जेवण वाढत होती.

"बाबांना माहितेय?"

"कोनले सांगू नको, माय," ती म्हणाली. घाबरली की ती तिकडच्या बोलीवर जाते. "तुले मनी आन शे."

तिने मला शपथ घातली. ज्या माणसाच्या शेजारी ती उभा जन्म निजली त्याला माहीत नव्हतं, आणि ज्या मुलाच्या बाळंतपणात हे झालं त्यालाही नाही. माझे वडील बाजार समितीत कारकून होते. कुठल्या व्यापाऱ्याने कधी किती कांदा उचलला, हे त्यांना अजून तोंडपाठ आहे. बायको एका बाजूला कलून का बसते, हे त्यांच्या नजरेला पडलं नाही.

मी तिला नाशिकमध्येच लेडी डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशन करावं लागेल, आणि लवकर. लघवी तुंबून तुंबून जंतुसंसर्ग होतोय, असंच चालू राहिलं तर किडनीवर जाईल. आईने बाहेर आल्यावर विचारलं, किती लागतील. मी आकडा सांगितला. ती म्हणाली, "मग राहू दे."

राहू देणार नव्हते. आधी भावाला फोन केला. त्याचा कांद्याचा व्यापार बरा चालतो, दारात नवी गाडी आहे. आजार न सांगता मी नुसतं विचारलं, आई-बाबांचा विमा आहे का रे? तो म्हणाला, त्याने नुकतीच पॉलिसी काढलीय. स्वतः, बायको, दोन मुलं. "म्हाताऱ्यांचा हप्ता लय येतो, ताई. आणि आईला झालंय काय? धडधाकट आहे." त्याच्या आवाजात कौतुक होतं, जणू तिच्या तब्येतीचं श्रेय त्याचंच. एका एजंटाला विचारलं, तर आधीपासूनच्या आजाराला नव्या पॉलिसीत काही वर्षं थांबावं लागेल, असं तो हसत हसत म्हणाला. सिव्हिलला चल म्हटलं, तर आईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिथे गावाकडचं कोणी ना कोणी भेटतंच, आणि कशासाठी आलात हे विचारल्याशिवाय राहत नाही. माझी मुदत ठेव होती, ती मोडून नवऱ्याने एका प्लॉटमध्ये घातली होती. त्या प्लॉटवर अजून बाभळी आहेत.

राहिली कंपनीची पॉलिसी. तिच्यात जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरतात. नूतनीकरणाचा आठवडा आला, तेव्हा मी जेवताना सर्वांसमोर सांगितलं की ह्या वर्षी माझ्या आई-वडिलांची नावं घालणार आहे.

सासूबाईंचा घास हातातच राहिला. "म्हणजे आम्हाला काढणार?"

"विम्यातून," मी म्हणाले.

"काढलं ते काढलंच. घरातून काय अन् विम्यातून काय."

नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, "अगं, त्यांना मुलगा आहे ना?"

"ह्यांनाही आहे," मी म्हणाले.

सासऱ्यांनी आमटी मागितली, ती मी वाढली. दुसऱ्या दिवशी सासूबाई फोनवर बहिणीला सांगत होत्या की सुनेने जिवंतपणीच आमची नावं कमी केली. आणि त्याच आठवड्यात चिरंजीवांनी आई-वडिलांची पॉलिसी काढली. एजंट त्यांच्याच ऑफिसच्या जिन्यात बसत होता. इतकी वर्षं जे परवडत नव्हतं ते चार दिवसांत परवडलं. मला आनंद व्हायला हवा होता, पण किळस आली.

वडिलांना फोन केला, तर त्यांचं तिसरंच. "आम्हाला मुलगा आहे, पोरी. लेकीच्या जिवावर दवाखाना केला म्हणजे पोराने टाकलं असं लोक म्हणतील. मला गावात तोंड दाखवायचं आहे." माझ्या घरी चहा प्यायले तरी नातवाच्या हातावर नोट ठेवून उठणारा हा माणूस. लेकीचं काही घ्यायचं नाही, हा त्यांचा ताठा आणि त्याची किंमत आईने मोजायची. मी सांगितलं, सही तुमची लागत नाही, कार्डं लागतात. त्यांनी फोन ठेवला.

दुपारी आईने कार्डं पाठवली. वडील वामकुक्षीला आडवे झाल्यावर तिने दोन्ही आधार कार्डं ओट्यावर मांडून मोबाइलवर फोटो काढले होते. दुसऱ्या फोटोत तिचा अंगठा वडिलांच्या अर्ध्या तोंडावर आला होता. इतका सुंदर फोटो मी पाहिलेला नाही. मला वाटलं, चला, आमच्या घराण्यात निदान एक बाई तरी निघाली.

ऑपरेशन ठरलं. वडिलांना पोटाचं ऑपरेशन एवढंच सांगितलं. पोटाचं म्हटल्यावर त्यांनी पुढे विचारलं नाही, आणि घर सोडता येत नाही म्हणून ते आलेही नाहीत. भावाने खर्चाचं विचारलं. कंपनी करतेय म्हटल्यावर तो म्हणाला, "मग काय प्रश्नच नाही."

सगळं नीट पार पडलं. विमा मंजूर झाला, आई शुद्धीवर आली, डॉक्टर म्हणाल्या, आता ताठ बसा. दोघींची खोली होती. शेजारच्या खाटेवर निफाडकडची एक बाई होती, पित्ताशयाचे खडे काढलेली, आणि घसा मात्र ठणठणीत. तिसऱ्या दिवशी भाऊ आला. शहाळं ठेवलं, आईच्या कपाळावर हात ठेवला, तो हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने सेल्फी काढला आणि मार्केट गाठायचं म्हणून निघाला. तो जिना उतरेपर्यंत फोटो त्याच्या स्टेटसला लागला होता: आईची सेवा हेच पुण्य. भावजय आली नाही, मुलांच्या परीक्षा होत्या. मी कंपनीतून रजा काढून आईचं भांडं देत होते, फडकी धूत होते. माझ्या सेवेचं स्टेटस नव्हतं, कारण हात ओले होते.

मी चहा आणायला खाली गेले होते. परत आले तेव्हा दाराशी शेजारणीचा आवाज ऐकू आला. "पोरगा लय मायेचा हाय हो तुमचा. आणि ही बाई राबती ती कोण? सून का?"

मी दारातच थांबले.

"हो," आई म्हणाली. "सून आहे माझी."

"अशी सून मिळायला नशीब लागतं."

"पोरगाच तसा आहे ना," आई म्हणाली. "त्याने सांगून ठेवलंय तिला, आईला काही कमी पडू देऊ नको."

मी आत गेले. आईला कळलं की मी ऐकलंय. तिने चहाचा कप घेतला आणि माझ्याकडे न बघता फुंकर मारत बसली. मला तो कप भिंतीवर फेकावासा वाटला. सासरच्यांकडून ही अपेक्षा होती, वडिलांकडून, भावाकडूनही होती. हिच्यासाठी मी सगळ्यांशी वैर घेतलं होतं.

तेवढ्यात नव्या पाळीची सिस्टर कागद घेऊन आली. "पेशंटची मुलगी कोण? विमा त्यांच्या नावावर आहे, डिस्चार्जला सही पाहिजे."

शेजारणीने मान वळवली. "मुलगी बी हाय तुम्हाला?"

आईने माझ्याकडे पाहिलं. चकल्या तळताना पाहिलं होतं तसंच. आयुष्यात मी कुणाचं खपवून घेतलेलं नाही, घरी नाही आणि कारखान्यातही नाही.

"त्या खाली गेल्यात," मी म्हणाले. "द्या इकडे, मी सही आणते."

कागद घेऊन मी बाहेर आले, भिंतीला टेकवले आणि सही केली. नात्याच्या रकान्यात मुलगी असं छापलेलंच होतं. दार उघडं होतं. आत शेजारीण म्हणत होती, "बघा, सून राबती आणि पोटची पोर खाली फिरती. आजकालच्या पोरी!"

"चालायचंच," आई म्हणाली.