आमच्या ऑल्विनची कबुली आणि एमिली आंटीची जपमाळ

आमचा ऑल्विन म्हणजे माझा धाकटा भाऊ. सबंध दोहा शहरात असा दुसरा माणूस दाखवा, मी मिशी उतरवून देतो. मी आठवी पास, तो बी.कॉम. पण त्याला बी.कॉम. कोणी केला? मी. त्याचा व्हिसा कोणी काढला? मी. माझं काम एसीच्या डक्टचं, पत्र्याचं. इथल्या ऑफिसांतून साहेब लोक थंड हवा खातात ना, ती या डेरिल तुस्कानोच्या हातची. अठ्ठ्याण्णव साली ऑल्विनला वसईहून आणला, एका कंपनीत स्टोअरकीपर म्हणून लावला आणि फरीज बिन ओमरान वस्तीत माझ्याच खोलीत ठेवला. आम्ही तुस्कानो. कुणाचं फुकट घेत नाही, आणि आमचं कुणी फुकट घेतलं तर विसरत नाही.

ऑल्विन मात्र वेगळ्याच मातीचा. कोणी त्याच्या पायावर पाय दिला तर 'सॉरी' हाच म्हणणार. दुकानात सुट्टे पैसे जास्त आले तर उन्हात परत चालत जाणार. मी म्हणायचो, "अरे, गल्फमध्ये आलायस की मठात?" तो हसायचा आणि माझा डबा घासून ठेवायचा.

आम्ही वसईकर चर्चला देऊळ म्हणतो. तेव्हा कतारमध्ये देऊळ नव्हतं, ते पुढे दोन हजार आठला झालं. तोवर आमची मिस्सेची प्रार्थना शुक्रवारी, मदिनत खलीफाला कामिल अंकलच्या व्हिलात. उघड बोलायची सोय नव्हती, म्हणून फोनवर म्हणायचं, "पाहुणे येणार आहेत." पाहुणे म्हणजे फादर. सोफे भिंतीला लावायचे, डायनिंग टेबलावर पांढरी चादर, झाली वेदी. दाराबाहेर चपलांचा ढीग. आमचा ऑल्विन त्या ढिगापाशी उभा. ख्रिस्तप्रसाद घ्यायला सगळे ओळीत गेले की हा खाली वाकून चपलांच्या जोड्या लावत बसायचा. दोन वर्षं असंच. मला वाटायचं, सेवाभाव. एमिली आंटीला वाटायचं, नम्रता.

एमिली आंटी म्हणजे आमच्यातली सीआयडी. कोणाची सून कोणाशी बोलत नाही, कोण उपवासकाळात शावरमा खातो, सगळं तिला माहीत. तिची भाची सिमोना हॉस्पिटलात नर्स. आंटीने ऑल्विनचा नम्रपणा बघून स्वतःहून स्थळ आणलं. स्वतःहून! एमिली आंटी तुस्कानोंच्या दारात, ही काय साधी गोष्ट? मी गावाला फोन करून तीन घरांत सांगितलं.

ठरलं असं, की झावळ्यांच्या रविवारआधीच्या, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारआधीच्या शुक्रवारी मिस्सेनंतर सगळे तिथेच जेवू आणि जेवणावर साखरपुड्याची तारीख काढू.

त्या दिवशी मिस्सेआधी पापकबुली होती. ईस्टर आला म्हणजे कबुली आलीच; मोठं पाप मनात ठेवून ख्रिस्तप्रसाद घेता येत नाही. व्हिलात कबुलीची पेटी कुठून आणणार? म्हणून किचन. आत दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, दार बंद, आणि बोलणं बाहेर येऊ नये म्हणून एक्झॉस्ट फॅन चालू. गॅसवर हमूर माशाच्या कालवणाचं पातेलं झाकून ठेवलेलं. म्हणजे एका बाजूला फादर, दुसऱ्या बाजूला हमूर, मध्ये पापी.

आता आमच्यातली खरी गंमत सांगतो. कोणाची कबुली कोणाला ऐकू येत नाही. पण दार किती वेळ बंद राहिलं ते हॉलमधल्या सगळ्यांना दिसतं. एमिली आंटी समोरच बसायची, हातात जपमाळ. जप चालू असायचाच, सोबत मोजणीही चालू असायची. पाच-सहा मण्यांत बाहेर आला तो सज्जन. दहा मणी लागले तर आंटीची भुवई वर. त्यापुढे गेला तर संध्याकाळी पार टोकाच्या अल दुहैलपर्यंत बातमी. म्हणून सगळे तयारीने जायचे. खोटं बोललो, रागावलो, मिस्सा चुकवली. पहिल्या ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मास्तरांनी पाठ करून घेतलेली तीन पापं. फादर प्रायश्चित्ताला ठरलेली नमो मरियाची प्रार्थना सांगणार, खलास. मी तर चार मण्यांत बाहेर यायचो. रेकॉर्ड होता माझा.

त्या दिवशी ऑल्विन चपला सोडून उठला आणि सरळ किचनमध्ये गेला. दार बंद झालं.

पाच मणी झाले. दहा झाले. आंटीची भुवई गेली ती वरच राहिली. पोरं पाणी मागायला लागली, पण पाणी किचनमध्ये. कामिल अंकल माझ्या कानात म्हणाले, "डेरिल, कालवण थंड होतंय रे." माळेचा एक फेरा पूर्ण झाला. आंटीने माळेनंतरची लांब प्रार्थना, लदीन, सुरू केली. लदीनही संपली.

शेवटी आंटी मोठ्याने म्हणाली, "काय रे डेरिल, तुझा भाऊ दहाही आज्ञा घेऊन बसलाय की काय आत?"

मी ऐकून घेणारा नाही. "आंटी, आम्ही तुस्कानो. जे करतो ते मन लावून करतो."

"पापसुद्धा?"

"हो, पापसुद्धा!"

आतला फॅन तेवढा ऐकू येत होता.

तेवढ्यात दार उघडलं. ऑल्विन बाहेर आला. डोळे लाल, चेहरा मात्र आत्ताच आंघोळ केल्यासारखा. सगळे त्याच्याकडे बघत होते, बसायला कोणी सरकेना. सिमोनाने शेजारच्या खुर्चीवरची आपली पर्स उचलून मांडीवर घेतली. ऑल्विन तिथे बसला.

मी वाकून विचारलं, "एवढा वेळ? काय केलंस काय?"

"दादा, पाठ केलेलं नव्हतं," तो म्हणाला. "म्हणून वेळ लागला."

"आणि प्रायश्चित्त?"

"एक नमो मरिया."

एक! मला चार मण्यांच्या कबुलीला तीन मिळायच्या. मी म्हटलं, "एवढ्यावर कसं सोडलं?"

"मीपण तेच विचारलं. फादर म्हणाले, कृपा फुकट असते."

आमच्या घरात हा शब्द चालत नाही. पण भांडायला वेळ कुठे होता? आंटी सिमोनाला म्हणत होती, "मिस्सा झाली की लगेच निघायचं. जेवण नको, बोलणी नको. मुलगा वाटतो तसा नाही." पोराचं लग्न एका बंद दारावरून मोडत होतं.

नंबर माझा होता. मी ठरवलं, ऑल्विनपेक्षा जास्त बसायचं. लोकांना बोलायला मोठं गिऱ्हाईक द्यायचं म्हणजे लहान सुटेल. यल्ला, चल म्हटलं आणि गेलो आत.

तीन पापं सांगितली. फादर म्हणाले, "आणखी?"

मी म्हटलं, "फादर, जरा बसू द्या. बाहेर अडचण आहे."

"बसा की."

नुसतं कसं बसणार? मी बोलायला लागलो. धाकट्याला मी शिकवला, मी व्हिसा काढला, मी खोलीत ठेवला, एका शब्दाने कधी बोलून दाखवलं नाही, म्हणजे महिन्यातून दोनदाच. फादरांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "डेरिल, ही कबुली आहे की सर्टिफिकेट?"

मी म्हटलं, "तुम्हीच ठरवा." त्यांनी ठरवलं. पुढचं सांगणार नाही, ते आतलं आहे. एवढंच सांगतो, ऑल्विनचा रेकॉर्ड मोडला, आणि मलाही एकच नमो मरिया मिळाली.

बाहेर आलो तर सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. माझ्यामागे एकच माणूस उरलं होतं, एमिली आंटी. सगळ्यांना पुढे सोडून ती शेवटी जायची, म्हणजे बघायला कोणी सुटत नाही. आता न जावं तर लोक म्हणणार, हिचं काय एवढं? उठली. जपमाळ खुर्चीवरच राहिली.

दार बंद झालं. पोरं पाणी मागून मागून झोपली. किती मणी लागले, कोणी मोजले नाहीत. मोजणारीच आत होती.

बाहेर आली ती नाक पुसत. म्हणाली, "आत कोणी कांदा कापलाय का रे?" कोणीही कापला नव्हता.

मिस्सेत ऑल्विन पहिल्यांदा ओळीत उभा राहिला. मी नेहमी सगळ्यांत पुढे असतो, त्या दिवशी त्याच्या मागे राहिलो. चपला तशाच विखुरलेल्या पडल्या. जेवताना आंटीने हमूरचं डोकं स्वतः ऑल्विनच्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "मे महिन्यात गावाला सगळे असतात. तेव्हाच साखरपुडा करू."

ऑल्विनने काय सांगितलं होतं ते सिमोनाने आजतागायत विचारलेलं नाही. मीपण नाही. मला भावाचं सगळं माहीत असतं, एवढं सोडून.

आता दोन हजार दहा. दोघं अल दुहैलला राहतात, ऑलिव्हिया नावाची पोरगी आहे. दर ईस्टरला मी तिला ही गोष्ट सांगतो, तुझ्या आईबापाचं लग्न मी कसं वाचवलं ते. यंदा सिमोना ताटं मांडता मांडता म्हणाली, "दादा, पर्स मी आधीच उचलली होती. तुम्ही आत जायच्या आधी."

ऑल्विन खाली बघून हसत होता. ऑलिव्हियाला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्लिश. म्हणाली, "सो अंकल, यू डिड नथिंग?"

मी म्हटलं, "बाय माझी, तुझ्या बापाचा व्हिसा कोणी काढला, ते विचार आधी."