शिंदेबाई आणि ओळीची उंची

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आवक-जावकच्या शिंदेबाई स्वतःच्याच मानपत्रात शिरायला तयार नव्हत्या. तासाभरात त्यांचा निरोपसमारंभ होता आणि मानपत्र अजून छापायचं होतं. आमच्या टायपिस्ट मंदाताईंनी बाईंचा फोटो कॉपी करून मजकुरात पेस्ट केला, तर उमटल्या फक्त चपला. पुन्हा पेस्ट केला, पुन्हा चपलाच!

"मानपत्र बाईंना देताय की चपलांना?" मी विचारलं.

"गप्प बसा हो, इथे घाम फुटलाय मला!"

मग त्यांची ट्यूब पेटली. मानपत्र संगणकातल्या एका जुन्या परिपत्रकावरच टाइप केलं होतं, आणि सगळं एका पानात बसावं म्हणून त्यात ओळीची उंची अक्षरापुरतीच बांधून टाकलेली होती. मंदाताईंनी ती मोकळी केली मात्र, मजकूर खाली सरकला आणि चपलांवर निऱ्या, खांद्याला पर्स, वर हसरा चेहरा, अशा अख्ख्या बाई उभ्या राहिल्या!

मी बघतच राहिलो. फोटो कापला गेलाच नव्हता. सगळा तिथेच होता, फक्त ओळ त्याला जागा देत नव्हती. या बाईंशी मी इतकी वर्षं एकच ओळ बोललो होतो, "बाई, पत्राला नंबर टाका." उरलेल्या बाईसुद्धा त्याच खुर्चीत बसलेल्या होत्या की!

शिंदेबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, कळलंच नाही. पडद्याकडे बघून त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, मी एवढी उंच आहे?"